बोट सुटेल हो!

परवा संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या वहिनी हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन आल्या. मागोमाग भाऊ. मला वाटलं सोसायटीच्या मेंटेनन्सचं काहीतरी असणार. पण फाइलीतून निघाली युरोपची सहल! दोघं जुलैत बाल्टिक समुद्रातल्या क्रूझवर निघालेत. कोपनहेगनहून सुटायचं, मग वार्नेम्युंडे, टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोम आणि परत कोपनहेगन. मुलगा परदेशात असतो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्याने आईवडिलांना ही भेट दिली आहे. मी २०२३ मध्ये बहिणीबरोबर साधारण याच मार्गाने जाऊन आले, म्हणून फाइल माझ्याकडे तपासायला आली. मास्तरणीकडे लोक निवृत्तीनंतरही तपासायलाच आणतात. असो.

फाइल चोख होती. व्हिसा, विमा, विमानाची तिकिटं, सगळं जागच्या जागी. आणि प्रत्येक बंदराच्या कागदाला टाचलेली एकेक सहल, बोटीच्या कंपनीकडूनच घेतलेली. शोअर एक्स्कर्शन म्हणतात तिला. धक्क्यावर बस उभी असते, तिच्यात बसायचं, गावात फिरायचं आणि बसनेच धक्क्यावर परत. मी सवयीने बेरीज केली. दोघांच्या सहलींची रक्कम बोटीच्या भाड्याच्या निम्म्याच्या आसपास गेली होती.

"टॅलिनला कशाला घेतली सहल? तिथे धक्क्यावरून चालत गावात जाता येतं," मी म्हटलं.

"अहो बाई, आपल्याला कुठे जमणार!" वहिनी म्हणाल्या. "परका मुलुख, भाषा येत नाही. चुकलोबिकलो तर बोट सुटेल हो!"

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते अजून निघालेलं नाही. आजचं लिहिणं त्या वाक्यावर आहे, वहिनींवर नाही. (त्यांना आधी वाचून दाखवलं आहे.)

हे कोण म्हणतंय बघा. वहिनींनी ३४ वर्षं फोर्टातल्या बँकेत नोकरी केली. डोंबिवलीहून व्हीटी, रोज. गाडी फलाटावर थांबायच्या आत कुठला दरवाजा कुठे येणार हे त्यांना पायाखालच्या फरशीवरून कळायचं. इंडिकेटर बिघडला, घोषणा ऐकू आली नाही, फास्ट गाडी स्लो ट्रॅकवर घातली, तरी बाई वेळेवर कामावर आणि वेळेवर घरी. २६ जुलै २००५ च्या पावसात रेल्वेमार्गावरून चालत आल्या होत्या. मी स्वतः ३१ वर्षं डोंबिवली-ठाणे केलं. अंतर थोडं, पण दिवा-मुंब्रा-कळव्याची गर्दी अंगावर घेऊन शाळेची पहिली घंटा चुकवायची नाही, हे काय कमी गणित आहे? वेळ पाळणं, गर्दीत वाट काढणं आणि चुकलं तर दुसरा रस्ता शोधणं या तीन विषयांत डोंबिवलीच्या माणसाइतका शिकलेला प्रवासी जगात विरळा. आणि त्यानेच, टॅलिनसारख्या गावात, जिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रमतगमत अर्ध्या तासात जाता येतं, तिथे म्हणायचं की आपल्याला कुठे जमणार?

तसं पाहिलं तर बोटीने परमुलखात जाण्याची आपल्याकडची गोष्ट जुनी आहे. आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्या कल्याणच्या. जन्म १८६५ चा. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. नवरा बरोबर नव्हता. सोबतीला होत्या ओळखीतून मिळालेल्या मिशनरी बायका. त्यांच्यापुढे धर्म होता, जात होती, समुद्र ओलांडण्याचं पाप होतं, आजारपण होतं. आपल्यापुढे काय आहे? ट्रामचं तिकीट कुठून काढायचं!

आता ही भीती येते कुठून? काही अंशी ती विकली जाते. बोटीवर सहलींचं एक काउंटर असतं. तिथल्या पत्रकात एक वाक्य ठळक छापलेलं असतं, की आमच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबेल, तुम्ही स्वतंत्रपणे गेलात आणि उशीर झाला तर थांबणार नाही. हे खरं आहे. यात फसवणूक नाही. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे गाव किती जवळ आहे, बोट किती तास थांबणार आहे आणि परतायला किती वेळ लागतो, ते कोणी ठळक छापत नाही. टॅलिनचा क्रूझचा धक्का जुन्या गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आमची बोट तिथे दिवसभर होती. म्हणजे वाट चुकायचं ठरवलं असतं तरी चार वेळा चुकून पाचव्यांदा वेळेवर पोचता आलं असतं.

आणि काही अंशी ही भीती जुनी, उसनी आहे. आपल्याकडे आधी जाऊन आलेली मंडळी सांगतात, "तिकडे टूर घेतल्याशिवाय बोटीवरून उतरूच देत नाहीत." हे खरं होतं, पण एकाच बंदरापुरतं. सेंट पीटर्सबर्गला. तिथे रशियाचा व्हिसा नसलेल्या क्रूझच्या प्रवाशाला परवानाधारक कंपनीच्या सहलीबरोबरच उतरता यायचं, तेही ७२ तासांच्या आत. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला आणि मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ते बंदर सोडून दिलं. बंदर गेलं, धाक मात्र राहिला. आता ज्या बंदरांत बोट जाते ती सगळी शेंगेनमधली. एकदा व्हिसा पासपोर्टवर लागला की उतरा, फिरा, कोणी विचारत नाही. हां, बोट इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनहून सुटणार असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शेंगेनचाही मग एकवार प्रवेशाचा पुरतो की अनेकवार लागतो ते मार्ग बघून ठरवावं लागतं. खरी काळजी करायची ती असल्या गोष्टींची. ती वहिनींच्या मुलाने केलेली होतीच.

मी स्वतः काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर परोपदेशे पांडित्यम् व्हायचं. पहिल्या बंदरात मीही घाबरले होते. वार्नेम्युंडे हे जर्मनीचं छोटंसं बंदर. बोटीच्या यादीत मात्र त्याचं नाव मोठ्या अक्षरांत 'बर्लिन'! नकाशा न बघता मी बर्लिनची सहल घेतली. आयुष्यभर इतिहास शिकवला. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंत उभी राहिली, ९ नोव्हेंबर १९८९ ला उघडली, हे किती वर्गांना सांगितलं असेल! बर्लिन बघायचंच होतं.

वार्नेम्युंडे ते बर्लिन बसने सुमारे तीन तास. यायला तीन. म्हणजे डोंबिवलीहून सकाळी निघून पुणे बघायचं, संध्याकाळी परत, आणि मधला सगळा वेळ गाइडच्या हातातल्या नंबरच्या पाटीमागे पळायचं. ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी वीस मिनिटं मिळाली, त्यातली बारा प्रसाधनगृहाच्या रांगेत गेली. चेकपॉइंट चार्लीला उतरवलं. तिथे उभी असलेली चौकी नंतर बांधलेली प्रतिकृती आहे, हे कळेपर्यंत तिच्यापुढे फोटो काढून झाला होता. आणि मग बस एका चौकातून वळली. माझी बहीण खिडकीशी होती. म्हणाली, "ताई, हे कसले गं ठोकळे?" करड्या काँक्रीटचे ठोकळेच ठोकळे, कमी-जास्त उंचीचे, लांबपर्यंत पसरलेले. माइकवरून गाइड म्हणाला, "डावीकडे ज्यूंचं स्मारक." सिग्नल सुटला आणि बस पुढे गेली.

२७११ ठोकळे आहेत तिथे. २००५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या युरोपातल्या ज्यूंचं ते स्मारक. त्या ठोकळ्यांमधून चालत जायचं असतं. आत जाल तशी जमीन खाली उतरते आणि ठोकळे डोक्यावरून उंच जातात. हे मी नंतर घरी येऊन वाचलं. ज्या विषयावर वर्गात बोलताना माझा आवाज दरवर्षी बदलायचा, ती जागा मी एका सिग्नलपुरती, बहिणीच्या खांद्यावरून पाहिली. आणि त्यासाठी दिवसाचे सहा तास पुढच्या सीटची पाठ बघितली. बसवाल्याचा दोष नाही. त्याच्या यादीत ते 'बसमधून दर्शन' या रकान्यात होतं, मीच नीट वाचलं नव्हतं.

त्या रात्री जेवायला आमच्या टेबलावर एक वयस्क जोडपं होतं. त्यांनी काय केलं होतं? वार्नेम्युंडेहून लोकल गाडीने वीसेक मिनिटांत रोस्टॉक गाठलं. तिथल्या मारिएनकिर्शं नावाच्या चर्चमध्ये १४७२ सालचं खगोलीय घड्याळ आहे, ते अजून चालतं. दुपारी बाराला त्यातल्या बाहुल्या फिरताना बघितल्या. मग बाड डोबेरान नावाच्या गावी जाऊन वाफेच्या छोट्या गाडीत बसले. ती १८८६ पासून आहे आणि गावात चक्क रस्त्यातून, दुकानांच्या मधून जाते. आपल्या नेरळ-माथेरानपेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. आजोबांना गुडघ्याचा त्रास होता, काठी होती. दुपारी चारला बोटीवर परत. त्यांचा दिवस त्यांच्या तोंडून सांडत होता आणि माझ्याकडे सांगायला होती ती रांग!

दुसऱ्या दिवशी बोट समुद्रातच होती. मी पुढच्या सगळ्या सहली रद्द केल्या. बहीण दोन तास बोलली नाही.

टॅलिनला आम्ही दोघी चालत निघालो. रस्ता विचारायचीही गरज पडली नाही, कारण ओलेविस्ते चर्चचा उंच मनोरा धक्क्यावरूनच दिसतो. तो समोर ठेवायचा आणि चालायचं. परत येताना तो पाठीशी ठेवायचा. गावाच्या चौकात एक औषधाचं दुकान आहे, १४२२ मध्ये चालू होतं याची नोंद सापडते. आजही तिथे औषधं मिळतात. बहिणीने घशाच्या गोळ्या घेतल्या आणि सहाशे वर्षांचं गिऱ्हाईक झाली. मग आम्ही चौकातल्या एका बाकावर पाऊण तास नुसत्या बसलो. तेवढ्यात बोटीच्या सहलीचे तीन घोळके येऊन गेले. नंबरची पाटी, कानात यंत्र, वर बघा, खाली बघा, चला. एका घोळक्यात ठाण्याचे एक गृहस्थ होते. बोटीवर ओळख झाली होती. त्यांनी आमच्याकडे बघून हात केला. त्यांना बसायचं होतं, मला दिसलं ते. पण त्यांच्या यादीत बाक नव्हता.

हेलसिंकीला तर लाज वाटावी इतकं सोपं. बाजारचौकातून सुओमेनलिन्ना या किल्ल्याच्या बेटांवर बोट जाते, पंधरा मिनिटांत. ती शहराच्या बस-ट्रामच्या तिकिटातच चालते. किल्ला १७४८ पासून स्वीडिश लोकांनी बांधला, नंतर तो रशियाकडे गेला, मग फिनलंडकडे आला. आपल्या वसईसारखंच, मालक बदलत गेले आणि तट तिथेच. त्या दिवशी तिथे एका शाळेची सहल आली होती. बोटीत चढताना त्यांची बाई मुलांची डोकी मोजत होती. मीही मनात मोजायला लागले. तेवीस. तिचंही तेवीस आलं असावं, कारण तिने मान हलवली आणि बोट सुटली. स्टॉकहोमचा वासा नावाचा बुडालेला लाकडी जहाजाचा प्रचंड सांगाडा पाहिला. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत किनाऱ्याच्या डोळ्यांदेखत बुडालं ते, १९६१ मध्ये वर काढलं. पण खरं सांगायचं तर मला आठवतात ती ही तेवीस डोकी.

आता एक मास्तरकी करते. आपण सहलीला 'करणं' हे क्रियापद लावतो. बर्लिन केलं, टॅलिन केलं, स्टॉकहोम करायचं राहिलं. पूर्वी काशी केली म्हणत, तिथे खरोखर काही करायचं असे. स्नान, पिंड, दान. माणूस दमून यायचा आणि बदलून यायचा. आता 'करणं' म्हणजे यादीवर बरोबरची खूण. ही खूण मी आयुष्यभर लाल शाईने केली आहे, तिची मला चांगली ओळख आहे. मुलाने पानं भरली म्हणजे त्याला समजलं असं नसतं.

सगळ्याच सहली वाईट असं मी म्हणत नाही. नॉर्वेतल्या गायरांगरसारख्या ठिकाणी रस्ते मोजके, वर डोंगरावर जायला बसच हवी, तिथे बोटीची सहल घ्यावी. ज्या बंदरात मोठी बोट लांब नांगर टाकते आणि छोट्या होडक्यांतून उतरवतात, तिथेही वेळ जास्त धरावा लागतो. फ्लोमला उलट, धक्क्यापासून काही मिनिटांवर रेल्वे स्टेशन आहे. तिथली डोंगरातली २० किलोमीटरची प्रसिद्ध गाडी आपल्या तिकिटाने करता येते, मात्र मोसमात आधी आरक्षण हवं. आणि बर्लिन बघायचंच असेल तर विमानाने जाऊन चार दिवस राहावं. ज्यांना खरोखर चालवत नाही, त्यांनी बसमध्ये बसावं, त्यात कमीपणा कसला? माझा राग आहे तो चालता येणाऱ्या माणसाने स्वतःला सामान समजण्यावर.

नियोजन म्हणाल तर मी एका दोनशे पानी वहीत केलं. प्रत्येक बंदराला एक पान. बोट कधी लागणार, सगळ्यांनी परत कधी चढायचं (सुटायच्या साधारण अर्धा तास आधी असतं, आपण त्याच्याही आधी एक तास धरायचा), धक्क्यावरून गाव किती लांब, बघायची एकच गोष्ट, बसायची एक जागा आणि स्वच्छतागृह. हो, स्वच्छतागृह! आमच्या वयाला सगळ्यात महत्त्वाचं, आणि चकचकीत पत्रकात सगळ्यात दुर्लक्षित. संग्रहालयाचं तिकीट काढलं की आत सोय असते, एवढं लक्षात ठेवलं तरी दिवस सुखाचा जातो. टॅलिनचे रस्ते गोट्यांचे, त्यामुळे नवे बूट घालून जाऊ नये. एस्टोनिया, फिनलंड आणि जर्मनीत युरो, डेन्मार्क आणि स्वीडनचं चलन वेगळं, म्हणून कार्ड हवंच. बोटीच्या पत्रकावर त्या बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो, तो लिहून खिशात. आणि एक साधं, जुनं मनगटी घड्याळ. टॅलिन-हेलसिंकीची वेळ स्टॉकहोमच्या एक तास पुढे आहे. मोबाइल आपणहून किनाऱ्याची वेळ घेतो आणि बोट कदाचित आपलीच वेळ धरून असते. बोट तिच्या घड्याळाने सुटते, म्हणून मनगटावर बोटीचीच वेळ.

हे सगळं वहिनींना सांगितलं. भाऊ लगेच तयार. वहिनी गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बाई, पटतंय हो. पण त्याने एवढ्या हौसेने घेतलंय सगळं. रद्द केलं तर त्याला वाईट वाटेल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरी गाठ ही आहे. मुलं दूर असतात, काळजीपोटी आपल्याला कापसात गुंडाळून पाठवतात, आणि त्यांचं मन राखायला आपण गुंडाळून घेतो. ज्या आईने त्याला सातवीत एकट्याला ठाण्याला स्कॉलरशिपच्या क्लासला पाठवलं, तिला तो आता पन्नास पावलं एकटी सोडायला तयार नाही. प्रेमच आहे ते. पण प्रेमाने का होईना, माणूस दिवसेंदिवस लहान होत जातो. मी एवढंच म्हटलं, त्याला फोन करा, पण परवानगी मागू नका, कळवा.

त्याच रात्री फोन झाला. भिंतीपलीकडून थोडा आवाज आला. सकाळी वहिनींनी सांगितलं, बर्लिन रद्द, टॅलिन रद्द, हेलसिंकी रद्द. स्टॉकहोमची ठेवली. "त्याचाही मान राहू दे." मुलाची अट एकच, आधी सराव करून दाखवा.

म्हणून गेल्या रविवारी आम्ही तिघांनी ठाण्याची शोअर एक्स्कर्शन केली! बोट म्हणजे डोंबिवलीची लोकल, धक्का म्हणजे ठाणे स्टेशन पश्चिम. बोटीवर परत दुपारी दीडला. रिक्षा नाही, कोणाला विचारायचं नाही, फक्त भाऊंच्या हातातला कागदावर काढलेला नकाशा. बघायची गोष्ट कौपिनेश्वराचं देऊळ, बसायची जागा तलावपाळी. मी ३१ वर्षं त्या गावात नोकरी केली, म्हणून मला तोंड उघडायची मनाई होती. जांभळी नाक्याच्या बाजारात भाऊ एकदा चुकले, फुलवाल्यांच्या गल्लीत दोनदा फिरलो. वहिनींनी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च बघितल्यावर तलाव कुठल्या बाजूला ते बरोबर ओळखलं. बाकावर बसलो. मिसळ खायचीच असा भाऊंनी हट्ट धरला आणि तिथल्या रांगेत पंचवीस मिनिटं गेली. वहिनींचं सारखं घड्याळाकडे लक्ष. मनगटावर त्यांचं बँकेच्या दिवसांतलं किल्लीचं घड्याळ होतं, दुरुस्त करून आणलेलं.

फलाटावर पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. भाऊ पायऱ्यांनी दमले होते, ते बाकावर टेकले. वहिनींनी पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बोट सुटायला अजून वीस मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या. "मी चहा घेऊन येते."